शंखांची गवळण

माझ्या ताईला तिच्या संस्थेत सगळे गवळण म्हणायचे. तिच्याकडे ना गाय होती ना म्हैस. ती गोगलगायींचं विष काढायची. समुद्राच्या तळाशी वाळूत राहणाऱ्या, आइस्क्रीमच्या कोनासारख्या शंखातल्या गोगलगायी. शंख इतका देखणा की कुणालाही उचलून खिशात टाकावासा वाटावा, आणि उचलणारा जिवाला मुकावा. मी शिवणकाम करणारी बाई. मला सुई टोचली तरी मी घर डोक्यावर घेते. आणि ही माझी सख्खी बहीण रोज सकाळी डबा घेऊन विषाची धार काढायला निघायची, जशी दुसरी एखादी बाई बँकेत जाते.

एकदा तिने मला नेऊन दाखवलं होतं. बोटभर प्लास्टिकची नळी, तिच्या तोंडावर ताणून बसवलेलं पातळ रबर, आणि रबरावर माशाच्या पराचा तुकडा. लांब दांड्याच्या पकडीत धरून ताईने ती नळी टाकीत सोडली. वाळूत गाडून घेऊन बसलेल्या गोगलगायीला माशाचा वास लागला. तिने आपली सोंड हळूहळू लांब केली, शेजारणीने दारातून डोकवावं तशी. मग एकच झटका. सोंडेतून बाणासारखा पोकळ दात सुटला, रबर फोडून आत गेला आणि नळीत विषाचा थेंब पडला. मी किंचाळले. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने लगेच एक खरा मासा गोगलगायीपुढे सोडला.

"आधी तिचं जेवण," ती म्हणाली. "आपण तिला फसवलंय ना. नुसतं फसवतच राहिलं, तर ती दात सोडायचीच बंद होते. ही तर अशी रुसते की महिनाभर सोंड बाहेर काढत नाही." म्हणून त्या गोगलगायीचं नाव रुसूबाई. बाकीच्यांनाही अशीच नावं होती. मी म्हटलं, सासरच्या माणसांची नावं ठेवायची सोडून हे काय? तर म्हणाली, सासरचे इतके शहाणे नाहीत.

विष म्हणजे काय हेही तिनेच मला समजावलं होतं, माझ्या मशीनशेजारी बसून, मी काजं करत असताना. "ते एकच एक औषध नसतं गं. त्यात प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. आपल्या नसा निरोप नेतात ना, हात उचल, श्वास घे, इथे दुखतंय, त्या निरोपांच्या वाटेवर दारं असतात. एक तुकडा हे दार लावतो, दुसरा ते. मासा गार पडतो तो दुखून नाही. त्याच्या अंगाला निरोपच मिळत नाही." त्यातला एक तुकडा असा होता की तो फक्त दुखण्याचं दार लावतो. मोठे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, त्याच्याच मागे होते. ज्यांना कुठल्याच औषधाने आराम पडत नाही, त्यांच्या पाठीच्या कण्यात ते थेंबाथेंबाने सोडायचं, असा बेत. आमची आई शेवटी नसांच्या दुखण्याने तळमळत गेली. अंगावरचं पांघरूणसुद्धा तिला सहन व्हायचं नाही. ताई त्या टाक्यांपाशी कशासाठी उभी राहते, हे मला विचारावं लागलं नाही.

भावोजीही तिथेच कामाला. त्यांच्याकडे पाणी. खारेपणा, तापमान, पंप, गाळण्या. लग्नाआधी ते ताईच्या टाकीचं तापमान बघायला दिवसातून इतक्यांदा यायचे की जगात दुसऱ्या कुठल्या पाण्याला इतका ताप आला नसेल. ताई हसून म्हणायची, "पाणी बरं आहे, तुझी तब्येत सांग." तिथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करायचे, आणि लग्नानंतरही ते तसंच राहिलं. मला भावोजी आवडायचे. हे मी दात-ओठ खाऊन लिहितेय, पण आवडायचे. मऊ बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. असा माणूस नेमका कुणाच्या मध्ये उभा राहायला हवा तेव्हा काय करतो, हा विचार आमच्या घरात कुणी केला नाही.

आता चिमट्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच घडलं. कपडे वाळत घालायचे साधे प्लास्टिकचे चिमटे, लाल आणि हिरवे. ताईने ती पद्धत सुरू केली होती. टाकीच्या कडेला लाल चिमटा, म्हणजे आतली बाई उपाशी आहे, पाण्यात हात घालायचा नाही. हिरवा चिमटा, म्हणजे विष काढून झालं, मासा खाऊन झाला, आता ती वाळूत पडून राहणार, काच पुसायला हात घातला तरी चालेल. आणि चिमट्याला ताईखेरीज कुणी हात लावायचा नाही. सरांनीसुद्धा नाही. एकदा एका पाहुण्याने गंमत म्हणून चिमटा उचलला, तर ताईने त्याला खोलीबाहेर काढलं होतं. त्यानंतर त्या चिमट्यांना लोक देवाच्या दिव्यासारखा वळसा घालून जायचे.

त्या दिवशी औषधाच्या कंपनीची माणसं येणार होती. त्यांना धार काढताना बघायचं होतं. समोरच्या दालनातल्या मोठ्या टाकीत, दिव्यांखाली, रुसूबाई होती, आणि आदल्या संध्याकाळी ताईने तिचं विष काढून तिला जेवू घातलं होतं. हिरवा चिमटा. पोट भरलेली गोगलगाय पाहुण्यांसमोर काय कपाळ करणार? ताईचं म्हणणं होतं, पाहुण्यांनी दोन दिवसांनी यावं. सरांना ते परवडणारं नव्हतं. त्याच संध्याकाळी ताई घरी गेल्यावर त्यांनी भावोजींना बोलावलं. मागच्या खोलीतून बरेच दिवस उपाशी असलेली एक गोगलगाय आणून समोरच्या टाकीत ठेवायची आणि रुसूबाईला मागे न्यायचं. गवळणीला सकाळी मी सांगेन, आत्ता सांगितलंस तर उगाच कटकट करेल, असं सर म्हणाले.

भावोजींनी शंख हलवले. चिमटा मात्र हलवला नाही. का, तर चिमट्याला ताईखेरीज कुणी हात लावायचा नाही! बायकोचा नियम इतका पाळला या गृहस्थांनी. आणि मग घरी येऊन बायकोसमोर बसून जेवले. सकाळी तिच्याबरोबर चहा प्यायले. तोंडातून अवाक्षर नाही. सर सांगणार आहेत ना, मग आपण कशाला.

सकाळी सर पाहुण्यांच्या फोनांत अडकले आणि सांगायचं राहून गेलं. ताई पोचली, हिरवा चिमटा बघितला, बाह्या वर केल्या आणि काचेवरचं शेवाळ पुसायला हात पाण्यात घातला. शंख वाळूत गाडलेला; कोणती बाई आहे हे दिसायला मार्ग नव्हता. तर्जनीला काहीतरी टोचलं. फार दुखलंही नाही, आणि त्यामुळेच तिला कळलं. तिने हात बाहेर काढला, बोटाकडे बघितलं, चिमट्याकडे बघितलं, खाली बसली आणि म्हणाली, "गाडी काढा. याला उतारा नाही. माझा श्वास थांबेल, तो तुम्ही चालू ठेवा." दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ बधिर झाले होते, पापण्या मिटल्या होत्या आणि मान एका बाजूला पडली होती. घशात नळी घालून तिला श्वासाच्या मशीनला जोडलं.

मी पोचले तेव्हा ती मेलेल्या माणसासारखी पडली होती. मी रडले, भांडले, त्या तरुण डॉक्टरला नाही नाही ते बोलले. ते बिचारे सांगत होते की विष आपोआप उतरेल, तोवर मशीन श्वास घेईल. रक्तदाब इतका खाली होता की गुंगीचं औषधही अगदी जेमतेमच देता येत होतं. भावोजी कोपऱ्यात उभे होते. सर येऊन जाऊन होते. मला वाटलं, किती काळजी करणारी माणसं.

ताई वाचली. आधी पापणी हलली, मग पायाचं बोट, मग नळी निघाली. घरी आल्यावर काही दिवस तिचा आवाज घोगरा आणि मोडका होता, आणि टोचलेलं बोट बधिरच राहिलं. मी दुकानाला कुलूप लावून तिच्याकडे राहायला गेले. एका दुपारी भावोजी बाजारात गेलेले असताना ती म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं."

मला वाटलं, भ्रमात बोलतेय. तिने माझं तोंड बंदच केलं. मी डॉक्टरला काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं, शिव्यांसकट. नर्स गाणं गुणगुणत चादर बदलायची ते सांगितलं. तिच्या उशाशी बसून मी आईची माफी मागितली होती, तेही सांगितलं.

"नसा स्नायूंना जे निरोप देतात तेवढेच बंद होतात," ती म्हणाली. "पापणी उचलता येत नाही, बोट हलवता येत नाही. कान चालूच असतात. डोकं चालूच असतं."

मग तिने खिडकीपाशी झालेलं बोलणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी घरी कपडे आणायला गेले होते तेव्हाचं. सर म्हणाले, चौकशी होणार, शंख हलवले हे बाहेर आलं तर कंपनी पळून जाईल, संस्था बंद पडेल, तुझी नोकरी आधी जाईल. शंख मी परत जागच्या जागी ठेवलेत. तिने विष काढलं, मासा द्यायचा राहिला, आणि घाईघाईत हिरवा चिमटा लावला, एवढंच म्हणायचं. भावोजी म्हणाले, पण ती असं कधी करणार नाही. सर म्हणाले, गेली तर प्रश्नच मिटला, आणि उठली तरी तिला काय आठवणार?

"मग?" मी विचारलं.

"मग तो बराच वेळ गप्प होता. मशीन चालू होतं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, नाही म्हण रे, नाही म्हण." ताई थांबली. "तो म्हणाला, 'बरं. तीच चुकली असं सांगतो.'"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलेच, ते बाजारातून यायच्या आत त्यांची पिशवी भरून दाराबाहेर ठेवणार होते. ताईने माझा हात धरला. बधिर बोटाचाच हात.

"त्याने आपणहून सांगितलं तर मी सोडून देईन," ती म्हणाली. "घाबरला असेल. मी मरतेय असं वाटलं असेल. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. पण मी जिवंत आहे, समोर आहे. आता त्याने सांगायला हवं. चौकशीपर्यंत वेळ आहे. तू मध्ये पडायचं नाहीस."

"आणि नाही सांगितलं तर?"

तिने माझा हात सोडला. मला शपथ मात्र घालून ठेवली.

आता ते दिवस कसे गेले ते मला विचारा. भावोजी तिला चमच्याने सूप भरवायचे. फुंकर घालून. तिचे केस विंचरायचे, भांग वाकडा पाडायचे, आणि ती बोलायची नाही. तिचं बोट चोळायचे, हळूहळू, तेल लावून, आणि विचारायचे, "काही जाणवतंय?" ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची आणि म्हणायची, "नाही अजून." मी मूग गिळून भाजी चिरत बसायचे. मनातल्या मनात माझं त्यांना अरे-तुरेच काय, त्याच्या पुढचंही म्हणून झालं होतं. त्यांच्या चहात मी साखर घालायची बंद केली. त्यांनी तक्रार केली नाही, आणि त्याचाही मला रागच आला. गुन्हेगार माणसाने इतकं साळसूद राहू नये.

ताईने त्यांना वाटा करून दिल्या. एकदा म्हणाली, "मला त्या सकाळचं काही उलगडत नाही रे. हिरवा चिमटा होता, मग टोचलं कसं?" मी हातातली सुरी खाली ठेवली. भावोजींचे डोळे भरून आले. ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं."

"सांग ना."

ताईने श्वास रोखला होता, हे मला दिसत होतं.

"डॉक्टरांनी दुपारचं औषध बदललंय," ते म्हणाले. "जेवणाआधी घ्यायचंय आता."

ताईने मान हलवली. भिंतीकडे तोंड करून ती झोपली, आणि संध्याकाळी सूप घेतलं नाही.

चौकशी संस्थेतच होती. लांब टेबल, पाण्याचा जग, बाहेरून आलेली तीन माणसं, त्यांची प्रमुख एक करड्या केसांची बाई. ताईला आधाराशिवाय चालता येत नव्हतं म्हणून मला आत बसू दिलं. आधी सर बोलले. त्यांनी ताईचं इतकं कौतुक केलं की केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी डोळ्यांनी बघितलं. गुणी बाई, इतक्या वर्षांची सेवा, पण माणूस थकतो, मासा द्यायचा राहून जातो, सवयीने हिरवा चिमटा लागतो. कुणीही तिला दोष देऊ नये. फक्त यापुढे हे काम तिच्याकडे नको.

मग भावोजींना विचारलं. ताई त्यांच्याकडेच बघत होती. रागाने नाही. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे आई बघते तशी. तिला अजूनही वाटत होतं. मला तेच बघवेना.

भावोजी टेबलाकडे बघून म्हणाले, "त्या संध्याकाळी ती घाईत होती. मासा द्यायचा राहिला असणार. चिमटा तिनेच लावला होता."

"मी एक विचारू?" ताई म्हणाली. आवाज अजून घोगराच होता, त्यामुळे सगळे पुढे वाकले.

"विचारा," करड्या केसांची बाई म्हणाली.

ताई भावोजींना म्हणाली, "दवाखान्यात खिडकीपाशी सरांनी तुला विचारलं, उठली तरी तिला काय आठवणार. त्यावर तू काय म्हणालास?"

सरांना आधी कळलं. भावोजी अजून गोंधळूनच बघत होते, पण सर पांढरेफटक पडले. ज्या विषावर त्यांनी उभं आयुष्य घालवलं, ते कानाला हात लावत नाही हे त्यांना त्या खोलीत आठवलं असतं, तर ते जिन्यात जाऊन बोलले असते. करड्या केसांच्या बाईंनी त्यांनाच विचारलं, "अशा अवस्थेत रोग्याला ऐकू येतं का?" सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला, आणि म्हणाले, "येऊ शकतं."

मग भावोजी रडायला लागले. सगळं सांगितलं. शंख, चिमटा, जेवताना गप्प राहणं, सकाळचा चहा, खिडकी. विचारलं नाही तेही सांगितलं. त्या लांब टेबलाशी बसून त्या माणसाने परक्या तीन माणसांना ते सगळं सांगितलं, जे ताईने पलंगावर पडून त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघितली होती. मला रडू आलं नाही. मला उठून त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती, आणि ताईचा हात माझ्या हातात नसता तर मारलीही असती.

सरांना प्रमुखपद सोडावं लागलं. ताईला परत बोलावणं आलं. ती म्हणाली, बोट शुद्धीवर आलं की बघते. तिच्या टाक्यांवर आता दुसरी बाई आहे, आणि ताई तिला फोनवर प्रत्येकीचे नखरे समजावून सांगते.

चौकशीच्या दिवशी आम्ही तिघं एकाच गाडीतून घरी आलो. कोण कुठे बसलं, काही आठवत नाही. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, पण दार उघडंच होतं. भावोजी ताईच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले होते.

"सगळं ऐकलं होतंस," ते म्हणाले. "मी तुला भरवत होतो, तुझे केस विंचरत होतो, आणि तुला माहीत होतं. मग इतके दिवस बोलली का नाहीस? तिथल्या तिथे एक शब्द बोलली असतीस, तर मी..."

ताईने त्यांना वाक्य पुरं करायला वेळ दिला. पण ते पुरं झालंच नाही.

"तिथे मला बोलता येत नव्हतं रे," ती म्हणाली. "तुला येत होतं."